दहा अडथळे

पोरीनं अर्धी चड्डी घातली म्हणून ज्या गावानं तिला चावडीवर उभं केलं, त्याच गावानं तिच्या सत्काराचा वीस फुटी फ्लेक्स लावला, याला काय म्हणावं? साखराबाई मेंढरं घेऊन घाटनांदूरच्या रस्त्यावर फाट्याशी थांबली आणि मान वर करून बघत राहिली. फ्लेक्सवर तिची सुकन्या अडथळ्यावरून झेप घेत होती, पण कमरेपर्यंतच. कमरेखाली, बरोबर मांड्यांवर, हात जोडलेले सरपंच अर्जुनराव छापले होते.

साखराबाई पचकन थुंकली. "पोरीची मांडी झाकायला सोताचं तोंड लावलं मुडद्यानं!"

तिचं सगळं आयुष्य मेंढरांमागं गेलेलं. दिवसभर रान तुडवायचं आणि दिवस कलला की वाघूर लावायची. वाघूर म्हणजे काठ्यांना ताणून बांधलेली जाळी. मेंढरं आत, लांडगा बाहेर. सुकन्या सात वर्षांची असल्यापासून त्या जाळीवरून उड्या मारायची. वळसा घालून येणं तिला माहीतच नव्हतं. "मोडून घे तंगडं, मग कोण करून घेतंय तुला!" असं आई रोज ओरडायची. तीच पोरगी शाळेकडून तालुक्याला गेली, जिल्ह्याला गेली, राज्याला गेली. शंभर मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत देशात पहिली आली, दोनशे मीटर पळण्यातही पहिली. परदेशातून रुप्याचं पदक आणलं, तेव्हा कुठं गावाला कळलं की हिला पाय आहेत. तोवर त्यांना नुसत्या मांड्याच दिसत होत्या.

नोकरी लागल्यावर सुकन्यानं पहिलं काम कोणतं केलं? गावातल्या पोरींसाठी शाळेला दहा खरे अडथळे पाठवले. टेम्पोतून उतरले ते थेट ग्रामपंचायतीच्या खोलीत गेले आणि बाहेरून कुलूप पडलं. कावून? तर म्हणे, मोठ्या पाहुण्याच्या हातनं उद्घाटन करायचं हाय. पाहुण्याला दीड वर्ष सवड झाली नाही. मधल्या काळात त्यातल्या दोन अडथळ्यांवर अर्जुनरावांच्या दारात गोधड्या मात्र छान वाळल्या.

आणि इकडं साखराबाईची भाची मनिषा बाभळीच्या फांद्या रचून त्यांच्यावरून उड्या मारत होती. तिचे आईबाप ऊसतोडीला गेलेले, म्हणून पोरगी आत्याकडं. नडग्या काट्यांनी सोलून निघालेल्या. येत्या रविवारी बीडला जिल्ह्याची निवड होती. निवड झाली तर खेळाडूंचं वसतिगृह, शाळा, सगळं. नाही झाली तर बापानं आधीच सांगून ठेवलं होतं, "मंग ये हिकडं, कोयता रिकामाच हाय." आणि या पोरीनं खऱ्या अडथळ्याला अजून हातसुद्धा लावला नव्हता.

म्हणून सुकन्यानं सत्काराला होकार देताना एकच अट घातली होती: आधी अडथळे मनिषाच्या हाती. "शब्द हाय माजा," अर्जुनराव फोनवर म्हणाले होते. त्यांचा शब्द! उन्हाळ्यातल्या ओढ्याला जेवढं पाणी, तेवढाच.

शुक्रवारी दुपारी देवळापुढं मांडव उभा राहिला. स्टेजवर सुकन्याला नऊवारी नेसवून बसवलेली, हालायची सोय नाही. खाली पुरुषांना खुर्च्या, बायांना सतरंजी. आणि मधोमध, बायांनी पुढं सरकू नये म्हणून, आडवी रांग. साखराबाईनं एकदा बघितलं, परत बघितलं. ते तेच दहा अडथळे होते, सुतळीनं एकमेकांना करकचून बांधलेले.

"ह्या पोरीची चुणूक म्या ल्हानपणीच वळखली व्हती!" अर्जुनराव माइकवर गरजले.

"वळखली की! चावडीवर बोलवून वळखली," साखराबाई मोठ्यानंच म्हणाली. बाया तोंडाला पदर लावून हसल्या.

सुकन्या उठली आणि तिनं माइक ओढून घेतला. "काका, अडथळे देणार व्हते तुमी. परवा निवड हाय पोरीची."

"अगं, बघ की, वापरातच हायेत! बायांची गर्दी लई, आवरत न्हवती." खुर्च्या खदखदून हसल्या. "आता पुढच्या म्हैन्यात इलेक्शनची सभा हाय. ती झाली की देऊ."

सुकन्याचा चेहरा उतरला. तिनं सतरंजीकडं, आईकडं बघितलं. मनिषा खाली मान घालून नडगीवरची खपली काढत बसली होती. ते साखराबाईनं बघितलं. ती उठली. वाघूर बांधण्यात आणि सोडण्यात जिचा जन्म गेला, तिला सुतळीची गाठ ती काय! फटाफट दहाही मोकळे केले आणि पहिला अडथळा डोक्यावर घेतला. दुसरा मनिषानं घेतला. तिसऱ्याला हात घातला वत्सलाबाईनं, खुद्द सरपंचाच्या बायकोनं, आणि नवऱ्याकडं न बघता चालू लागली. मग काय, बायांची रीघ लागली.

"अगं ए, कार्यक्रम चालू हाय! बसा खाली!" अर्जुनराव किंचाळले.

साखराबाई वळली. "वाघूर मेंढरांला लावत्यात, अर्जुनराव. ती बी लांडग्याच्या भ्यानं. आमाला कुणाच्या भ्यानं लावली, तेवढं सांगा माइकवर."

आणि डोक्यावरचा अडथळा सावरत ती शाळेकडं चालू लागली.

शाळेच्या मैदानावर सुकन्यानं नऊवारीचा काष्टा वर खोचून घेतला, मांड्या दिसोत की आणखी काही दिसो, आणि पावलं मोजून एकेक अडथळा लावला. मनिषा धावली. पहिल्याच अडथळ्याला तिचा पाय लागला. अडथळा पडला, ती नाही पडली. पोरगी तिथंच खिळून उभी.

"आत्या, ह्यो पडतो गं!" म्हणाली आणि रडायलाच लागली. "बाभळ कदीच पडत न्हवती."

साखराबाईनं पडलेला अडथळा उभा केला. तिकडं रिकाम्या मांडवातला भोंगा अजून सांगत होता की ही पोरगी गावानं घडवली.

"पुस डोळे," ती म्हणाली. "पळ परत."