पहिलटकरीण

प्रश्न धाकट्या सुनेला विचारला गेला, तरी उत्तर सासूबाईच देत. घराची ही रीत इतकी मुरलेली होती की दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी नाडी धाकटीची धरली आणि पाहिले मात्र सासूबाईंकडे. पहिलीच खेप का, असे त्यांनी विचारले.

"पहिलटकरीणच आहे," सासूबाई म्हणाल्या.

सुनेचा रक्तगट निगेटिव्ह आणि तिच्या नवऱ्याचा पॉझिटिव्ह, हे कळल्यावर सासूबाईंनी आमच्याकडे सगळ्यांचा एकच गट, तापट, अशी कोटीही केली. डॉक्टरीणबाई हसल्या. गट असे उलटे असले तरी पहिल्या खेपेला बाळाला सहसा धोका नसतो, म्हणून रक्ताची पुढची तपासणी लांबणीवर पडली.

लग्नानंतरच्या वर्षी धाकटीचा गर्भ चौथ्या महिन्यात, घरातल्या न्हाणीघरात गळून गेला होता. बभ्रा नको म्हणून तिला दवाखान्यात नेले नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. अशा वेळी निगेटिव्ह गटाच्या बाईला लगोलग एक इंजेक्शन द्यायचे असते, हे त्या घरात कुणाला ठाऊक नव्हते. आणि ज्यांना ठाऊक होते, त्यांना त्या घरातले काही कळू दिले नव्हते. अज्ञानाची इतकी चोख वाटणी क्वचितच पाहायला मिळते. घराण्याच्या अब्रूशी रक्ताला कर्तव्य नसते. त्या गर्भाचे पॉझिटिव्ह रक्त धाकटीच्या रक्तात मिसळले, ते परके ठरले, आणि तसलेच पुन्हा आले तर मारायचे, एवढे तिच्या रक्ताने शिकून ठेवले.

सातव्या महिन्यात बाळाची हालचाल मंदावली. पोर गुणाचे आहे, बापावर गेले आहे, असा निर्वाळा सासूबाईंनी दिला. बाप सुखावला. धाकटी मात्र हट्टाने दवाखान्यात गेली. सासूबाई सोबत होत्याच.

सोनोग्राफीच्या पडद्यावर बाळाच्या पोटात पाणी साठलेले दिसले. डॉक्टरीणबाईंचा हात थांबला. "पहिल्या खेपेला असं सहसा होत नाही. आधी काही झालं होतं का?"

"छे हो. कुठलं काय."

नवरा दारात बुटांकडे पाहत उभा होता. धाकटीच्या पोटावरची जेली गार पडली होती.

"हे माझं दुसरं आहे," ती म्हणाली. "पहिलं चौथ्या महिन्यात गेलं. घरीच."

"त्याला काय पोर म्हणायचं?" सासूबाई पुटपुटल्या.

डॉक्टरीणबाईंनी फोन उचलला होता. बाळाला पोटातच रक्त चढवायला हवे, निगेटिव्ह, ताबडतोब, असे त्या पलीकडे सांगत होत्या. रक्त येईल, त्या धाकटीला म्हणाल्या. तोवर बाळ धीर धरेल का, हे त्यांनी सांगितले नाही.

धाकटीने पोटावर तळवा ठेवला आणि वाट पाहिली. तळव्याखाली काहीच हलले नाही.