न घडलेला चेहरा

मित्रांनो, पौडच्या दवाखान्यात काचेच्या कपाटात, वरच्या फळीवर बसलेला जुना प्लास्टरचा चेहरा म्हणजे मी. माझे डोळे मिटलेले आहेत. त्यामुळे मी मेलेल्या माणसाचा असावा, असे पाहणाऱ्यांना वाटते. तसे नाही. ज्या मुलीवरून मला घेतले ती रिहे गावी नांदते आहे. फक्त ती माझ्यासारखी कधीच दिसली नाही.

तिचे नाव चंद्रा. नांदे गावच्या हैबतरावांची ती थोरली लेक. बारा वर्षांची असताना ती पहिल्यांदा या दवाखान्यात आली. लीलाबाई नावाच्या दातांच्या डॉक्टर दर गुरुवारी पुण्याहून येत. हैबतरावांनी चंद्राला त्यांच्यापुढे बसवले आणि म्हणाले, "बाई, दात ऱ्हाऊ द्या. नाकाचं काय तरी करा. पोपटावानी खाली आलंय. उद्या कोन करनार हिला?"

चंद्राची आई दाराशी उभी होती. तिच्या मते दोष गोजराबाईचा होता. गोजराबाई गावातल्या बाळंतिणींना आणि बाळांना न्हाऊमाखू घालायची. तेल लावताना बाळाचे नाक चिमटीत धरून ओढायचे, म्हणजे ते सरळ होते, असा तिकडचा समज. चंद्राच्या वेळी गोजराबाईने हयगय केली, असे आई सगळीकडे सांगत असे. गोजराबाईने एकदा पाणवठ्यावर तिला ऐकवले होते, "वढून नाक सरळ हुतं, तर म्या आदी माजं न्हाई का वढलं?"

लीलाबाईंनी नाकाकडे पाहिलेही नाही. चंद्राला दात मिटायला लावले. खालचे दात वरच्या दातांच्या पुढे येत होते. "हिचं नाक चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "नाकाची बैठक वरच्या जबड्यावर असते. तो जबडा वाढीत मागे राहिलाय. बैठकच मागे गेली, म्हणून नाक लोंबल्यासारखं दिसतंय आणि हनुवटी पुढे आल्यासारखी."

हैबतरावांना ते पटले नाही. तेव्हा लीलाबाईंनी चंद्राच्या चेहऱ्याला तेल लावले, नाकपुड्या मोकळ्या ठेवून ओले प्लास्टर थापले, आणि त्या साच्यातून मी जन्मलो. पुढच्या गुरुवारी त्यांनी माझ्या वरच्या ओठावर आणि नाकाच्या दोन्ही बाजूंना मेण चढवले. जबडा पुढे आला तर जेवढे भरेल तेवढेच. नाकाला मेणाचा कणही लागला नाही. तरी नाक वेगळे दिसू लागले, सरळ आणि बेताचे. हैबतराव मला हातात घेऊन कितीतरी वेळ बघत राहिले.

चंद्राच्या टाळूला तारेची पट्टी बसली. झोपताना हनुवटीला पट्टा बांधायचा होता. ती कंटाळू नये, घरच्यांनी उपचार सोडायला लावू नये, म्हणून लीलाबाईंनी मला तिच्याबरोबर घरी दिले. चंद्रा रोज पट्टा बांधी आणि माझ्या ओठावरून बोट फिरवी. वर्षभरात तिचे वरचे आणि खालचे दात काठाला काठ लागले. त्या वर्षी ती आरशात बघून हसलेली मी पाहिली आहे.

मग रिह्याचे स्थळ आले. हैबतरावांनी मला उपरण्यात बांधले आणि रिह्याला नेले. "पोरगी अशी हुनार," ते म्हणाले. "डॉक्टरनं आदीच करून दिलंय." मुलाची आई साळूबाई. तिने आतून नथ आणून माझ्या नाकाशी धरली, मान तिरकी करून पाहिले. "शोभंल," ती म्हणाली. बैठक तिथेच पक्की झाली.

ही बातमी ऐकून लीलाबाई हैबतरावांना म्हणाल्या, "अहो, काम अर्धंच झालंय. आता थांबवलं तर झालेलंही जाईल."

"तार तोंडात घेऊन नवरी उभी करू व्हय? लोकं म्हनतील, पोरीला मुसकं घातलंय."

"मग लग्न पुढे ढकला."

"ऱ्हायलेलं वाढंल की आपसूक. पोरगी वाढतीयाच न्हवं?"

वाढली, मित्रांनो. पण पट्टी आणि पट्टा सुटल्यावर खालचा जबडा पुढे गेला आणि वरचा होता तिथेच राहिला. मला चंद्राच्या रुखवतात मांडून रिह्याला पाठवले होते. तिथे कोनाड्यातून मी तिला रोज पाहत होतो, आणि तीही मला. दोन वर्षांत आमच्यात काहीच सारखे उरले नाही.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गावातल्या बाया जमल्या. चंद्रा तिळगुळाचे ताट घेऊन उभी होती. साळूबाईने तीच नथ बाहेर काढली आणि दोऱ्याने माझ्या नाकाला टांगली. "ह्ये बघा," ती म्हणाली, "ही आमी मागितली हुती. आन् ती ताट धरून हुबी हाय, ती आली."

बाया हसल्या. एकजण म्हणाली, "साळू, ही बरी हाय गं. बोलत न्हाई, खात न्हाई." त्यावर पुन्हा हशा पिकला. चंद्राने सगळ्यांना तिळगूळ वाटला. एकीलाही चुकवले नाही.

त्यानंतरच्या गुरुवारी दाढ दुखते असे सांगून ती पौडला आली. मला तिने पदराखाली घेतले होते. लीलाबाईंनी तिचा जबडा चाचपला, दात पाहिले आणि हात धुतले.

"आता हाडं थांबली, चंद्रा. तारेनं पुढे येणार नाहीत."

"तवा येत हुती?"

"येत होती."

चंद्राने मान हलवली. मला टेबलावर ठेवले. "मग ह्ये तुमीच ठिवा, बाई. दुसऱ्या कुना बापाला दावा. पर कुनाच्या घरी देऊ नका."

लीलाबाईंनी मला कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवले. चंद्रा निघून गेली. एस.टी. चुकली असती तर रिह्याला जाब द्यावा लागला असता.

मित्रांनो, तुमच्या वर्गात कुणाचे खालचे दात वरच्यांच्या पुढे येत असतील, तर त्याच्या नाकाला नावे ठेवू नका. घरी सांगा, डॉक्टरांना दाखवा, आणि पट्टी बसली तर ती अर्ध्यावर सोडू देऊ नका. वाढीची वर्षे कुणाच्या लग्नासाठी थांबत नाहीत.

माझी निगा चांगली राखतात. मऊ फडक्याने धूळ पुसतात, मेण वितळू नये म्हणून उन्हापासून दूर ठेवतात. एवढी निगा मला नको होती. ती तिला आणखी दोन वर्षे मिळायला हवी होती.