इंजिन काढलेलं विमान

गोदावरीबाई नवऱ्याशी बोलत नाहीत, हे मोहाडीत एव्हाना सगळ्यांना ठाऊक झालं होतं. त्या यादोरावांपुढे ताट ठेवत, पाण्याचा गडवा ठेवत आणि तोंड फिरवून निघून जात. स्वयंपाक आता अंगणात व्हायचा. आतल्या चुलीपाशी त्यांनी पुन्हा पाऊल ठेवलं नव्हतं.

बोलावं तरी काय म्हणून? यादोरावांची उमर नागपुरात कॉलेजच्या पोरांना मॉडेल विमानं बांधायला-उडवायला शिकवण्यात गेली. निवृत्त होऊन गावी आले, तरी नाद सुटला नाही, उलट एकुलत्या एका पोराला, ईश्वरला, लागला. ईश्वर वरठीला कारखान्यात नोकरीला होता. सुटी मिळाली की बापलेक विमान घेऊन गावाबाहेरच्या पडीत, मोकळ्या पडीक रानात, हजर. शिकाऊ माणसासाठी असतं तसं जाड पंखांचं विमान, ईश्वरनेच बांधलेलं. त्याला दोन लांब तारा. तारांची मूठ धरून मधे उभं राहायचं, विमान भोवती गोल फिरणार आणि त्याच्याबरोबर आपणही गरगरणार. गाव हसायचं. हसेना का, बापलेकांना त्याचं सोयरसुतक नव्हतं.

इंजिनाला रॉकेल, एरंडेल आणि ईथर यांचं मिश्रण लागे. थंडीत एरंडेल घट्ट होतं, तेव्हा ते चुलीवर कोमट करून घ्यायचं, ही यादोरावांचीच शिकवण. स्वतः ते कोमट एरंडेल उचलून दूर अंगणाच्या टोकाला न्यायचे आणि मग ईथर ओतायचे. दूर नेणं त्यांच्या इतकं अंगवळणी पडलेलं, की ते सांगायचंच राहून गेलं. एके दिवशी ईश्वरने चुलीपाशी बसूनच ईथरच्या बाटलीचं बूच काढलं. ईथरची वाफ जमिनीलगत सरकते, दिसत नाही; ती चुलीपर्यंत गेली आणि भडका उडाला. भंडाऱ्याच्या दवाखान्यातून ईश्वर परत आला नाही.

विमान मधल्या खोलीत टांगलेलं होतं, त्याला धग लागली नाही. वर्षश्राद्ध झालं की ते वैनगंगेत टाकायचं, असा निरोप गोदावरीबाईंनी शेजारच्या रुखमाकरवी नवऱ्याला धाडला. एका घरात राहून निरोप!

यादोरावांच्या मनाने मात्र भलतंच घेतलं. दोष विमानाचा नव्हता, आगीचा होता. आगच काढून टाकली तर? मग ही पाहील, तिला पटेल, आणि तोंडातून एक शब्द तरी काढील. शिवी दिली तरी चालेल.

वरठीच्या रस्त्यावर भय्याजीचं पंपाच्या जळक्या मोटारींना नवी तार गुंडाळून देण्याचं दुकान होतं. त्याला हाताशी धरून यादोरावांनी इंजिन काढलं, तेल पिऊन काळं पडलेलं नाकाचं लाकूड कापलं, टाकी उपटली. नागपूरहून छोटी मोटार आणि पुन्हापुन्हा चार्ज होणारे सेल आणले. सेल धोंड्यासारखे जड. पहिल्या खेपेला विमान कोंबडीसारखं धावलं आणि नाकावर आपटलं. मग सेल मागे सरकवले, चाकं पातळ लावली, नाकावरचा पंखा बदलला. तरी उठेना.

"काकाजी, कायले याच्या मांगं लागून राहिले?" भय्याजी वैतागला. "टाका नदीत, होऊ द्या मोकळं."

"उडालं त घरची बोलन, भय्या," यादोराव म्हणाले. भय्याजीने पुन्हा पाना हाती घेतला.

ज्या दिवशी विमान खरंच उठलं, त्याच्या दुसऱ्याच सकाळी यादोरावांनी रुखमाला पाठवून गोदावरीबाईंना पडीत बोलावलं. त्या आल्या, धुऱ्याच्या बांधावर उभ्या राहिल्या. यादोरावांनी मधे उभं राहून मूठ धरली, भय्याजीने बटण दाबून विमान सोडलं. धूर नाही, फटफट नाही, नुसती भिरभिर. विमानाने फेरा घेतला, दुसरा घेतला. यादोरावांना आनंद झाला. पोरगा गेल्यावर पहिल्यांदाच झाला, आणि त्याची लाजही वाटली.

विमान टेकलं. गोदावरीबाई जवळ आल्या. त्यांनी विमानाच्या नाकावर हात ठेवला, मग तो हात हुंगून पाहिला.

"इस्त्याबिगर उडते हे?" त्यांनी विचारलं.

वर्षभराने ऐकलेला तो आवाज. यादोरावांना भरून आलं. "हो, हो! आग नाही, इस्तो नाही, ईथर नाही, रॉकेल नाही. नुसती बॅटरी. काहीच भेव नाही आता."

"मंग पयलेच काहून नाही केलं जी?"

आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं. सेल मिळत नव्हते म्हणावं, तर नागपूरच्या ज्या दुकानातून आणले तिथे ते केव्हाचे होते. यादोराव स्वतः कितीदा ते काचेतून बघून पुढे गेले होते.

"सुचलं नाही," ते म्हणाले.

"लेकरू होतं तवा नाही सुचलं," गोदावरीबाई म्हणाल्या आणि घराकडे चालू लागल्या.

दुपारी त्यांनी ताट वाढलं. या वेळी तोंड फिरवलं नाही, समोर बसल्या. "जेवा जी," म्हणाल्या. यादोरावांनी भाताचा घास केला, तो हातातच राहिला.