मुक्ताईची फेरतपासणी

प्रियदर्शनी मॅडमनी डब्यातली शेवटची चिठ्ठी उलगडली आणि नाव वाचलं.

"मुक्ताई."

नम्रताच्या हातातली वाटी कलंडली. रंगीत मणी सतरंजीवर घरंगळले. मुलं ते गोळा करायला धावली, तेवढा वेळ तिला मान खाली घालून राहता आलं.

विश्रांतवाडीच्या या बालवाडीत नम्रता शिकवायची. वर्षातून दोनदा प्रत्येक मुलाला तपासायचं: रंग ओळखतं का, सांगितलेलं ऐकून तसं करतं का, एका पायावर उभं राहतं का. यंदा बालवाडी चालवणाऱ्या संस्थेला शंका आली, की ताया मुलांना खरंच तपासतात, की सगळ्यांपुढे 'जमतं' लिहून मोकळ्या होतात? म्हणून प्रियदर्शनी मॅडम आल्या होत्या. चिठ्ठीत नाव निघेल त्या मुलाला त्या स्वतः पुन्हा तपासणार आणि नम्रताच्या नोंदीशी जुळतंय का, ते बघणार. इतर मुलांची नम्रताला धास्ती नव्हती. त्यांना तिनं मन लावून तपासलं होतं.

मुक्ताई तिची स्वतःची मुलगी होती.

'ऐकून तसं करते' यापुढे नम्रतानं 'जमतं' लिहिलं होतं, ते मात्र न तपासताच. विमानतळ जवळच, त्यामुळे विमानं अगदी डोक्यावरून जायची. आवाज आला की सगळी मुलं वर बघायची. मुक्ताई आधी मुलांकडे बघायची, मग वर. दिवाळीच्या सुमारास हे पहिल्यांदा नम्रताच्या लक्षात आलं. घरी तिनं विषय काढला, तर तिचा नवरा अभिनव म्हणाला, हट्टी आहे ती, हवं तेवढंच ऐकते, तू उगाच नको ते मनात आणू नकोस. नम्रतानं तेच घट्ट धरून ठेवलं. स्वयंपाकघरातून एकदा हाक मारून बघावं, असं तिनं कितीदा ठरवलं. ओट्याशी उभी राहायची, तोंड उघडायची आणि मग स्वतःच बाहेर जाऊन मुक्ताईच्या खांद्यावर हात ठेवायची.

प्रियदर्शनी मॅडम मुक्ताईसमोर मांडी घालून बसल्या. नम्रतानं तोवर लांब, दाराशी थांबायचं होतं. तिनं चौकट धरून ठेवली.

"निळा मणी वाटीत टाक बरं."

मुक्ताईनं टाकला.

"आता बाहुलीला खुर्चीखाली झोपव आणि मला चेंडू आणून दे."

मुक्ताईची नजर मॅडमच्या ओठांवर खिळलेली होती. क्षणभर ती तशीच राहिली. मग उठली, बाहुली खुर्चीखाली आडवी केली, चेंडू आणून दिला. मॅडम हसल्या, तशी तीही हसली.

"किती लक्ष देऊन ऐकते हो ही! नम्रताताई, आपलं अगदी जुळलं. खरं सांगते, बऱ्याच ठिकाणी जुळत नाही."

नम्रताला आता हायसं वाटायला हवं होतं. तिनं मान हलवली, आभारही मानले, पण चौकट काही सोडली नाही. सकाळपासूनची भीती पकडले जाण्याची होती. ती सरली, तर तिच्यामागे दडलेली दुसरीच पुढे आली. आता कोणीच बघणार नव्हतं. मुक्ताई अशीच तोंडं बघत बघत मोठ्या शाळेत जाणार, पाठमोऱ्या शिक्षकांच्या वर्गात मागे कुठेतरी बसणार, आणि सगळे म्हणणार, हट्टी आहे.

मॅडम पिशवी आवरत होत्या.

"मॅडम," नम्रताचा आवाज तिचा तिलाच परका वाटला. "तेच तिला पाठीमागून सांगून बघाल? तुमचं तोंड तिला दिसणार नाही असं."

मॅडमनी तिच्याकडे पाहिलं. पिशवी खाली ठेवली आणि मणी ओवत बसलेल्या मुक्ताईच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या.

"मुक्ताई, निळा मणी दे बाळा."

मुक्ताई ओवत राहिली.

मॅडमनी पुन्हा सांगितलं, जरा मोठ्यानं. कोपऱ्यातली शेफाली उठली आणि तिनं निळा मणी आणून मॅडमच्या हातावर ठेवला. सगळी मुलं आपल्या मागे बघताहेत, हे पाहून मुक्ताई वळली. मॅडम दिसल्या, तशी खुदकन हसली. तिला वाटलं, लपाछपी चाललीये.

"कधीपासून?" मॅडमनी हळू विचारलं.

"दिवाळीपासून माहीत असावं मला."

मॅडम तिच्याजवळ आल्या. मुक्ताईचे कान तपासायला कुठे न्यायचं ते आपण सांगू, सोबतही येऊ, एवढं म्हणाल्या.

मुक्ताईचं हसू ओसरत होतं. ती एकदा मॅडमकडे, एकदा आईकडे बघत होती. कोणीतरी काहीतरी सांगेल, म्हणून वाट बघत होती. नम्रता तिच्यासमोर जाऊन बसली, खिडकीचा उजेड तोंडावर येईल अशी. मुक्ताईचे डोळे तिच्या ओठांवर येऊन थांबले. काय सांगायचं, ते मात्र नम्रताला अजून सुचत नव्हतं.