सफरमोहचं कोठार

बापाच्या माघारी रश्तच्या डोंगरातलं ते धान्याचं कोठार सफरमोहनंच सांभाळलं. दर शरदात मातीत भुसा कालवून ती भिंती लिंपायची, मग आतल्या कणग्या गव्हानं भरायची. धाकटा भाऊ दवलतमंद मॉस्कोत बांधकामावर. त्याला कोठाराची आठवणही होत नसे.

त्या उन्हाळ्यात शहरातून जुन्या वास्तू जपणारे लोक आले, कोठार बघून हरखले. ही बातमी लागताच दवलतमंद हजर. बापानं सगळं मुलाच्याच नावे केलेलं, त्यामुळे मालक तो.

"अपा, फुकटात दुरुस्ती होतेय. लांबलांबचे पाहुणे येतील बघायला," तो म्हणाला. थोरल्या बहिणीला तो अपाच म्हणे.

"आणि गहू?"

"तो हलवावा लागेल. उंदीर होतात म्हणे."

"कोठारात गहू नको, तर काय नवरी बसवणार?"

"तूच बस की!" तो हसला.

पोती गोठ्यात गेली. गोठ्याचं छप्पर गळकं होतं, हे तिनं दोनदा सांगितलं; त्यानं "बघू" म्हटलं.

उद्घाटनाला त्यानं खरंच तिला भरतकामाचा झगा घालून दारात बसवलं, हातात माप दिलं. कणग्यांत खाली पेंढा आणि वर गव्हाचा पातळ थर. एका पाहुणीनं कौतुकानं विचारलं, "हे तुमचंच का?"

सफरमोह तोंड उघडणार, तोच दवलतमंद म्हणाला, "ही आमची अपा. इथं मदतीला असते."

ती उठली. माप त्याच्या हातात ठेवलं आणि सगळ्यांदेखत गोठ्याकडे चालू लागली. पोत्यांची तोंडं सोडली, तर गव्हाची ढेकळं झालेली, हिरवी बुरशी, आंबूस वास. तो गहू कोंबड्यांपुढे टाकला, तर त्यांनीही तोंड लावलं नाही.

हिवाळ्यात मॉस्कोहून फोन आला. "अपा, भिंतीला भेगा पडल्यात म्हणे. जरा लिंपून घे ना."

"मदतनीस काम सोडून गेली म्हणून सांग त्यांना."

"असं काय बोलतेस? मी तुझा भाऊ ना?"

"हो ना. तेच तर."

तिनं फोन ठेवला आणि पीठ आणायला निघाली.

"तुमच्या घरी विकतचं पीठ?" दुकानदारानं डोळे मोठे केले.

सफरमोहनं पैसे मोजून दिले. पोतं पाठीवर घेतलं आणि कोठारावरून जाणारी वाट सोडून, नदीकडून लांबचा वळसा घेत घरी गेली.