जिभल्याची जीभ

जिभल्याला भेटायला मी काही प्रेमापोटी गेलो नव्हतो, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे नंतर कुणी नाक मुरडायला नको.

आमची कंपनी डबाबंद सुपं आणि सॉस करते. माल भरायच्या आधी प्रत्येक कढईतला चमचाभर नमुना चाखणाऱ्यांकडे जातो, आणि त्यांनी हो म्हटल्याशिवाय एकही डबा सील होत नाही. पंचवीस वर्षांपूर्वी मी आणि तो एकाच दिवशी चाखणीला लागलो. त्याची जीभ अशी, की कारखान्यातल्या पाण्याची टाकी धुतली तर ते त्याला सुपात कळायचं. म्हणून जिभल्या. मला कुणी टोपणनाव ठेवलं नाही. ठेवण्यासारखं काही नव्हतंच म्हणा.

एकदा टोमॅटोच्या सुपाला मी ‘ठीक’ म्हणालो. त्याने माझ्यामागून चमचा घेतला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, “तळाला लागलंय.” कढई उपसली तर तळ काळाकुट्ट. तो बरोबर होता, हीच तर बोंब. त्यानंतर दोन महिन्यांत तो दुसऱ्या गावच्या नव्या कारखान्यात मुख्य चाखणारा म्हणून गेला, राहायला कंपनीचं घर, पुढे छोटी बाग. आणि मला बसवलं झाकणं तपासायला. एकोणीस वर्षं मी झाकणं तपासतोय. हजारात एखादं वाकडं निघतं, ते बाजूला काढायचं. बायको म्हणते, तू घरी आल्यावरही सगळ्यांची झाकणंच तपासत बसतोस. म्हणू दे.

तर गेल्या महिन्यात साहेबांनी बोलावलं. जिभल्याच्या कारखान्यातून गेलेला माल तीनदा परत आला होता. मिठामुळे तोंडात धरवणार नाही असं सूप, आणि कागदावर जिभल्याची सही. साहेब म्हणाले, “तुझा दोस्त ना तो? दोन दिवस जाऊन ये. काही बोलू नकोस, नुसतं बघ. जीभ शाबूत आहे की नाही ते एका पानावर लिहून दे.” मी दाराशी पोचलो तेव्हा मागून म्हणाले, “गेली असेल तर त्या खुर्चीत कुणाला तरी बसवावं लागेलच.” मी जिना उतरलो तो जवळजवळ शीळ घालतच.

जिभल्या बस थांब्यावर घ्यायला आला होता. पोट सुटलेलं, केस पांढरे, आणि मला बघून लहान मुलासारखा खुलला. “एकोणीस वर्षं लागली रे तुला,” म्हणाला आणि गळ्यात पडला. त्याने दोन दिवसांची रजा टाकली होती. उद्या गाडी काढायची, किनाऱ्याच्या रस्त्याने जायचं आणि दिसेल त्या खाणावळीत थांबून कधी न खाल्लेलं खायचं, असा बेत त्याने आखून ठेवला होता. “दोन जिभा एकत्र फिरायला निघाल्यात,” तो वहिनीला म्हणाला. वहिनी हसल्या नाहीत. त्या माझ्या बॅगेकडे बघत होत्या, जशी काही तिच्यात पोलिसांची नोटीस असावी.

जेवायला बसलो. वहिनी त्याच्या बरोबर समोर, डावा हात टेबलावर. आधी त्यांनी घास घेतला. जिभल्याचा चमचा ताटातच घुटमळत होता. मग वहिनींनी दोन बोटं किंचित उचलली आणि जिभल्या म्हणाला, “आज आंबट जरा पुढे गेलंय, नाही?”

मी चमचा खाली ठेवला. कारण ती बोटं माझी होती.

म्हणजे असं, की चाखणीच्या खोलीत बोलायला बंदी असते. एकाचं ऐकून दुसऱ्याची जीभ फिरायला नको म्हणून. आम्ही दोघं नवीन असताना मला एकदा आठवडाभर सर्दी झाली. नाक बंद म्हणजे जीभ बंद. नोकरी जायची वेळ आली तेव्हा ही बोटांची भाषा आम्ही काढली. एक बोट मीठ, दोन आंबट, तीन गोड, चार कडू. हात सपाट पालथा म्हणजे सगळं ठीक, आणि मूठ म्हणजे खराब आहे, तोंडाला लावू नकोस. आठवडाभर तो समोर बसून बोटं दाखवत होता आणि मी त्याप्रमाणे कागदावर लिहीत होतो. कुणाला पत्ता लागला नाही.

आणि आता तीच भाषा त्याने बायकोला शिकवली होती. म्हणजे जीभ गेली होती. पार गेली होती. मला इतका आनंद झाला की मी भात दुसऱ्यांदा मागून घेतला.

सकाळी जिभल्या अंघोळीला गेला तेव्हा मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो. खिडकीत औषधाच्या असतात तशा लहान बाटल्या ओळीने धुऊन पालथ्या घातलेल्या. सगळ्यांवर कंपनीची चिठ्ठी. वहिनी कणीक मळत होत्या. मी बाटल्यांकडे बघतोय हे बघून त्यांनी हात थांबवले.

“भाऊजी, तुम्हाला काल कळलं ना?”

मी पेला भरून घेतला.

“मागच्या वर्षी ताप आला, त्यात वास गेला आणि पाठोपाठ चव. डॉक्टर म्हणाले, आली तर आली. हे दुपारी जेवायला येताना खिशातून नमुने घरी आणतात, मी चाखते, चिठ्ठी लिहून देते. ते तीन वेळा माल परत आला ना, तेव्हा मी आजारी होते. त्यांनी अंदाजाने सह्या केल्या.” त्यांचा आवाज अगदी सरळ होता, रडणं वगैरे काही नाही. “निवृत्तीला चौदा महिने राहिलेत. आता काढलं तर पुढची सोय व्हायच्या आत हे घरही सोडावं लागेल. तुम्हाला कशाला पाठवलंय ते मला कळतं. यांना नाही कळत, ते खूश आहेत तुम्ही आलात म्हणून. तेवढे चौदा महिने सांभाळून घ्या.”

“बघू,” मी म्हणालो.

आता कुणी विचारेल की सगळं कळलं होतं, तर तिथूनच परत का फिरलो नाही. पान लिहायला एवढं पुरेसं होतं. मीही स्वतःला सांगितलं की खात्री करायला हवी. थापा. मला ती मजा सोडवत नव्हती. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा त्याच्यासमोर बसून जेवणाची चव मला कळत होती आणि त्याला नाही.

गाडी वहिनी चालवत होत्या. जिभल्याला गाडी कधीच आली नाही. तो मागे माझ्या शेजारी बसून अखंड बडबडत होता. पहिल्या खाणावळीत धुरावर सुकवलेला मासा होता, दुसरीत कसल्यातरी रानफळाचा घट्ट मुरंबा आणि बकरीच्या दुधाचं चीज. दोन्हीकडे वहिनी समोर, हात टेबलावर, आणि जिभल्या तज्ज्ञासारखा मान डोलवत मोठमोठ्याने मत देत होता. खाणावळवाल्या बाईने तर त्याला विचारलं, तुम्ही खाण्यातले कुणी मोठे आहात का. तो लाजला.

मी मुद्दाम खोड काढायचो. “जिभल्या, या चीजमध्ये तुला काय लागतंय सांग बरं, मला नेमकं पकडता येत नाहीये.” वहिनींची बोटं लगबगीने हलायची. बोटांना सांगून सांगून सांगता येणार किती? मीठ, आंबट, गोड, कडू, संपलं. तो म्हणायचा, “थोडं आंबट, मागून मीठ,” आणि माझ्याकडे असा बघायचा की पास झालो का.

दुपारी अगदी पाण्याला लागून असलेल्या एका खाणावळीपाशी थांबलो. बाकडी, वर ताडपत्री, आणि गिऱ्हाईक आम्हीच. मी वहिनींना म्हणालो, “मागच्या चाकात हवा कमी वाटतेय. समोर दुकान आहे, दाखवून घ्या, तोवर आम्ही मागवतो.” चाकाला काही झालेलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. जिभल्या म्हणाला, “जा गं, परतीची वाट लांबची आहे.” गेल्या बिचाऱ्या.

आधी सूप आलं. जिभल्याने चमचा हातात धरला आणि तसाच राहिला. रस्त्यापलीकडे बघितलं. कपाळावर घाम. तेव्हा मी एक घोट घेतला, डावा हात टेबलावर ठेवला आणि एक बोट उचललं.

तो बोटाकडे बघत राहिला. डोळे भरून आले त्याचे. “मीठ जास्त आहे,” तो हळूच म्हणाला, आणि मग म्हणाला, “तुला ठाऊक आहे.”

“खा तू,” मी म्हणालो.

मीठ खरंच जास्त होतं. तेवढं मी खरं सांगितलं.

मग शिंपल्यांची थाळी आली. आम्ही दोघांनीही तसले मोठे, काळे शिंपले कधी खाल्ले नव्हते. थाळी टेबलावर ठेवताच मला वास आला. आदल्या दिवसाचे तरी असतील, उन्हात राहिलेले. सर्दीतल्या माणसालाही तो वास आला असता. मी माझ्या वाटचे ताटात घेतले, एक तोंडापाशी नेला आणि तोंड पुसल्यासारखं करून कागदी रुमालात टाकला. जिभल्या माझ्या हाताकडे बघत होता, पोर आईच्या हाताकडे बघतं तसा.

मी हात सपाट, पालथा ठेवला.

त्याने खाल्ले. पहिला जपून, मग भराभर. “वा,” म्हणाला. “असं काही खाऊन किती दिवस झाले. ती समोर असते तेव्हा घास घशात अडकतो रे, चूक होईल म्हणून. आज मोकळा जेवतोय.” लिंबू पिळून, बोटं चोखून, सगळी थाळी संपवली. मी त्याच्या समोर बसून एकेक टरफल मोजत होतो. मला थांबवता आलं असतं. मूठ वळायला किती वेळ लागतो? मी नाही वळली.

वहिनी परत आल्या आणि दहा पावलांवरच थबकल्या. मग धावत येऊन त्यांनी थाळी नाकाशी धरली. रिकाम्या टरफलांकडे बघितलं. नंतर माझ्या ताटाकडे, जिथे कागदी रुमालाखाली माझे सगळे शिंपले तसेच होते. त्यांनी रुमाल उचलला, पाहिला आणि पुन्हा होता तसा झाकला.

परतीच्या वाटेत अर्ध्या तासाने जिभल्याने गाडी थांबवायला लावली. रस्त्याच्या कडेला गुडघ्यांवर बसून तो इतका ओकला की वाटलं, आतडी बाहेर येतील. वहिनी गाडीतून पाणी काढत होत्या. मी त्याची पाठ धरली होती, कुणीतरी धरायलाच हवी होती. तोंड पुसून त्याने वर पाहिलं. रागावेल, शिवी देईल, मी तयारच होतो.

“तुझीही गेली का रे?” तो म्हणाला.

मला कळेना.

“जीभ. तुलाही काही कळलं नाही ना?” त्याने माझा हात धरला. हात थंडगार होता. “अरे वेड्या, आधी सांगायचं नाही का? किती दिवस एकट्याने वाहतोयस हे? मला तरी ती आहे. तुला तिकडे बोटं दाखवणारं कोण आहे?” आणि वहिनी पाणी घेऊन आल्या तर त्यांना म्हणाला, “त्याला काही बोलू नकोस हं. त्याची चूक नाही. त्याचंही माझ्यासारखंच झालंय.”

वहिनींनी त्याच्या हातात पेला दिला. “नाही बोलत,” म्हणाल्या.

तीन दिवस तो दवाखान्यात होता. मी त्याच संध्याकाळच्या बसने निघालो. पान लिहिलं. पान कसलं, चार ओळी झाल्या. बाटल्यांचंही लिहिलं. खोटं एक अक्षर नाही त्यात.

आता मी त्याच्या खुर्चीत बसतो. घरही मिळालं, बायकोने बागेत मिरच्या लावल्यात. ती दोघं कुठल्याशा वसाहतीत एका खोलीत गेली, गच्चीवरची पत्र्याची खोली आहे म्हणतात. काढलं कसं, कुणी कळवलं, हे जिभल्याने कधी विचारलं नाही. मिठाच्या तक्रारींमुळेच गेलो असं तो धरून चाललाय.

दर रविवारी त्याचा फोन येतो. दर रविवारी. “जमतंय ना रे?” विचारतो. “कुणी सांगणारं आहे ना समोर? नसेल तर नमुने इकडे पाठव, हिची जीभ अजून चांगली आहे. लाजू नकोस.” मी म्हणतो, जमतंय. दुसरं काय म्हणू? माझी जीभ धड आहे असं म्हटलं, तर त्या दिवशी टेबलावर हात पालथा कशाला ठेवला ते सांगावं लागेल.

गेल्या रविवारी फोन वहिनींनी घेतला. तो खाली औषध आणायला गेला होता. शिंपल्यांपासून त्याचं पोट काही धड झालेलं नाही. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, “वहिनी, तुम्ही त्याला अजून सांगितलं नाहीत?”

“नाही,” त्या म्हणाल्या. “नोकरी गेली, घर गेलं, जेवणाची चव गेली. एक मित्र आहे असं त्यांना वाटतं, तेवढं राहू दे. तुम्ही फोन उचलत जा.”

मी उचलतो.