नर्जिस सिनेमापाशी डावीकडे

हेल्मेटमधली ती बाई खोटारडी आहे, हे मी खलफला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "दोनशे मीटरवर उजवीकडे वळा" म्हणते, आणि तिथे वीस वर्षं भिंत उभी! पण ऐकेल तर तो खलफ कसला.

औषधांच्या दुकानाचे आम्ही दोघे डिलिव्हरीवाले. मी गस्सान, वय चोपन्न, जन्म बैरूतचा आणि मरणारही इथेच. खलफ सत्तावीसचा, सीरियातल्या देर-एझ-झोरचा, इथे येऊन त्याला तीन वर्षं झालेली. गाणी ऐकायला आणि रस्ता कळायला त्यानं हेल्मेटच्या आत ते यंत्र बसवून घेतलं, आणि ईदला माझ्याही हेल्मेटमध्ये बसवून दिलं. "काय रे, मला बहिरा करायचाय का?" म्हणून मी त्याला भरपूर शिव्या घातल्या. चौथ्या दिवशी कानात मव्वाल, म्हणजे आमचं ते आळवून गायचं जुनं गाणं, लागल्याशिवाय मोटारसायकलला किक मारवेना. खोटं कशाला बोलू?

मग ते युद्धाचं वर्ष आलं, आणि नकाशाला रस्ता दाखवणाऱ्या आकाशातल्या सिग्नलचा कुणीतरी पार विचका केला. नकाशा उघडावा तर प्रत्येक जण विमानतळावर! मी दुकानात उभा, नकाशा म्हणतो धावपट्टीवर. खलफ घरी जेवायला बसलाय, तोही धावपट्टीवर. बाईचं तोंड एकदाचं बंद झालं, आणि खलफची बाई मीच झालो. पत्ता हातात पडला की तो मला फोन लावायचा आणि मी कुठेही असलो तरी त्याच्या कानात रस्ता सांगायचो.

"काका, तुमचा आवाज तिच्यापेक्षा गोड आहे."

"गप गाढवा. पुढे बघून चालव."

आमच्याकडे घरांना नंबर असले तरी कुणाच्या बापाला माहीत नसतात. आम्ही खुणेनं सांगतो. आणि खूण आज जागेवर असलीच पाहिजे असं काही नाही. जळालेल्या बेकरीपासून वर जा, जुन्या दवाखान्यासमोर थांब. ती बेकरी मी शाळेत असताना जळली. खलफ हसून लोटपोट व्हायचा. "काका, तुम्ही लोक मेलेल्या दुकानांचे पत्ते देता! मी काय कबरी खणत फिरू?"

"तोंड आहे ना तुला? रस्त्यातल्या कुणालाही विचार. शेंबडं पोरसुद्धा सांगेल."

आणि सांगायचंच. बैरूतच्या रस्त्यावर विचारायला माणूस नाही असं कधी झालंय?

त्या मंगळवारी दुपारी बारा वाजता मी दौरा नावाच्या भागात होतो, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. पुढेमागे गाड्याच गाड्या. फोनवर बॉम्ब टाकण्याआधीचा इशारा आला. शियाह भागाचा नकाशा, त्यात एक इमारत लाल केलेली, पाचशे मीटर लांब जा, लगेच जा. ती इमारत माझ्या बहिणीच्या शेजारच्या गल्लीतली होती.

इन्साफताई त्रेसष्ट वर्षांची. उन्हाळ्यात खुबा मोडला, तेव्हापासून चौथ्या मजल्यावरून खाली उतरलेली नाही. वीज नाही, म्हणजे लिफ्ट नाही. "माझ्याकडे राहायला ये" म्हणून महिनाभर मी तिच्या पाया पडत होतो. "माझी झाडं कोण बघेल?" म्हणायची. झाडं! मी तिला फोन लावला. उचलला नाही. परत लावला. नाहीच.

खलफ तय्यूनेच्या चौकात होता, तिच्या घरापासून पाच मिनिटांवर. मी त्याला फोन केला. त्याच्या बायकोला, नौफाला, सातवा महिना होता. मला ते माहीत होतं. माहीत असून केला.

"काका, सांगा," एवढंच म्हणाला तो. का, कशाला, काही नाही. मोटारसायकल वळवल्याचा आवाज माझ्या कानात आला.

"सरळ जा. मशीद लागेल, तिच्यापुढेही सरळच. नर्जिस सिनेमापाशी डावीकडे वळ. त्याआधी वळायचं नाही, ऐकतोयस? त्याआधीची गल्ली ती लाल इमारतीची आहे."

"कळलं. तुम्ही फोन ठेवू नका."

तेवढ्यात कानात टूंटूं वाजलं. ताईचा फोन. ती घाबरून आरडाओरडा करणार, रडणार. तिचं ऐकत बसलो तर खलफला रस्ता कोण सांगणार? मी हेल्मेटचं बटण दाबून तिचा फोन तोडला.

"मशीद गेली," खलफ म्हणाला. "काका, इथे सिनेमा नाही."

"नाही कसा? आहे!"

"नाही हो! टायरवाला आहे, बंद. मग एक पांढरी इमारत."

"अरे, होता! नर्जिस सिनेमा होता! सगळ्यांना माहीत आहे!"

"कोण सगळे, काका? रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही."

परत टूंटूं. परत ताई. मी परत तोडला.

आता त्या जागी काय आहे? डोळे मिटले. आठवेना. हजार वेळा तिथून गेलोय, आणि डोळ्यांपुढे येत होता तो सिनेमाच. तिकिटाची खिडकी, तिच्या गजाला टेकून उभा असलेला मी, अकरा वर्षांचा. तो पाडून तीस वर्षं झाली. त्याच्या जागी काय बांधलं ते मी कधी बघितलंच नव्हतं.

"पांढरी इमारत मोठी आहे का? काचा आहेत?"

"आहेत."

"मग तीच असणार. तिला लागून वळ डावीकडे."

"नक्की ना?"

तिसऱ्यांदा टूंटूं वाजलं. माझं डोकंच फिरलं. "वळ म्हणतो ना, गाढवा! ती मरेल तिथे!" आणि बटण दाबलं.

"वळलो," तो म्हणाला.

मग मोटारसायकलचा आवाज, आणि त्यानंतर काहीच नाही. हेल्मेटमधली बाई गोड आवाजात म्हणाली, "कॉल समाप्त." आणि सकाळी जिथे थांबवलं होतं तिथून मव्वाल सुरू झालं. दक्षिणेकडे धूर वर चढताना दिसत होता, सगळे गाड्यांमधून उतरून तिकडे बघत होते, आणि माझ्या कानात तो गाणारा गात होता. बटण कुठे आहे तेच मला सापडेना.

ताई मला संध्याकाळी शाळेत भेटली, घर सोडलेल्या माणसांत, चटईवर. मला बघताच कडाडली. "तीनदा फोन केला तुला! फोन तोडतोस होय रे मेल्या? शेजारच्या अबू तालेबनं मला पाठीवर घेऊन चार मजले उतरवलं, गाडीत बसवलं. तेच सांगायला करत होते, की मी निघाले, येऊ नकोस."



खलफला शोधायला दोन दिवस लागले. दफन झालं तेव्हा नौफानं मला एकच विचारलं, "तो तिकडे गेलाच कशाला?"

"माझ्या बहिणीला आणायला."

"आणलं?"

तिचा हात पोटावर होता. मी हो म्हणालो. माझी जीभ झडली नाही, मी सरळ हो म्हणालो.

आठवड्यानं ताईनं हट्ट धरला. "त्या पोरीकडे मला घेऊन चल. माझ्यासाठी गेला तो. तोंड दाखवायला नको?" मी चार दिवस टाळलं. पाचव्या दिवशी ती एकटीच वॉकर घेऊन दाराबाहेर पडली, मग काय करणार? नौफाशी मी खोटं बोललोय हे टॅक्सीत सांगून टाकावं म्हणून तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा मिटलं.

सब्रामध्ये तळमजल्यावर त्यांची एक खोली. नवरा गेल्यावर पाळायच्या इद्दतीत असल्यामुळे नौफा घराबाहेर पडत नव्हती. तिनं ताईला बघितलं आणि धावत येऊन तिचे दोन्ही हात धरले, डोळ्यांना लावले. "खाला, तुम्ही वाचलात. त्याचं जाणं वाया नाही गेलं. मी रोज स्वतःला हेच सांगते."

शेजारणीनं दुखवट्याची बिनसाखरेची कॉफी आणून दिली. ताईनं कपबशी तशीच खाली ठेवली.

"तुम्हाला त्यानं कसं उतरवलं?" नौफानं विचारलं. "मला कुणी काही सांगत नाही. तुम्ही तरी सांगा."

ताईनं माझ्याकडे बघितलं. मी काय सांगून ठेवलंय ते तिच्या ध्यानात आलं, तिच्या चेहऱ्यावर मला दिसलं. आता ही मला सगळ्यांसमोर उघडं पाडणार, पाडू दे, असंच मनात आलं. खरं सांगतो, पाडावं असं वाटत होतं.

"पाठीवर घेतलं मला," ताई म्हणाली.

"काही बोलला?"

"म्हणाला... घट्ट धरा, खाला."

नौफा रडता रडता हसली. "मोटारसायकलवर मलाही तेच म्हणायचा. घट्ट धर." तिनं ताईच्या मांडीशी सरकून डोळे पुसले. "पुन्हा सांगा. अगदी वरून, चौथ्या मजल्यापासून सांगा. घाई करू नका."

मी मान खाली घातली. ताई चौथ्या मजल्यापासून सांगू लागली.